रा. रा. ब्लॉकेज यांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. ब्लॉकेज ऊर्फ प्लाक,
मु. डावी अग्र धमनी (एलएडी), पो. हृदय.
शाखा : मान, मेंदू, मूत्रपिंड, पोटरी.

स. न. वि. वि.

पत्र पाठवायला अंमळ उशीर झाला, क्षमस्व. आपण आमच्या छातीत तीस-चाळीस वर्षं बिनभाड्याने राहता, पण आपला पत्ता कळतो तो अँजिओग्राफीच्या टेबलावर, आणि तोही ‘एलएडी, नव्वद टक्के’ इतका त्रोटक. काहींना तेवढीही सवलत मिळत नाही. त्यांच्या घरी आपली ओळख थेट दहाव्याच्या दिवशी करून दिली जाते. ‘‘काही नव्हतं हो त्यांना! आदल्या संध्याकाळी भाजी घेऊन आले, माझ्याशी उभ्याउभ्या दहा मिनिटं बोलले.’’ जमलेली मंडळी माना डोलावतात. ‘काही नव्हतं हो’ हे आपल्या कामाचं सर्वोत्तम प्रशस्तिपत्र. कावीळ डोळ्यांत दिसते, ताप थर्मामीटरवर चढतो, दुखरी दाढ तर अख्ख्या वाड्याला कळवते. आपण मात्र अर्धं आयुष्य कामावर असता आणि हजेरी कुठेच लागत नाही.

प्रथम आपल्या कुळाला वंदन. आपण बर्गर-पिझ्झाच्या पिढीचं अपत्य आहात, आमच्या पणजोबांच्या काळी आपलं नाव कुणी ऐकलं नव्हतं, असं मानायला आम्हाला फार आवडतं. मग २०१३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १३७ ममींच्या सीटी स्कॅनचा अहवाल आला. इजिप्त, पेरू, अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आणि अल्युशियन बेटं, इतक्या लांबलांबच्या मंडळींपैकी ४७ जणांच्या धमन्यांत आपल्या खुणा निघाल्या. इजिप्तची राजकन्या अहमोस-मेर्येत-अमोन सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी चाळिशीत गेली. तिच्या हृदयाच्या धमन्यांतही आपण हजर होता. तिने कधी वडापाव खाल्ला नव्हता, की रात्री जागून मालिका पाहिल्या नव्हत्या. म्हणजे आपण माणसाच्या देहात फार जुने रहिवासी. आम्ही एवढंच केलं, की आपली बढती दहा-वीस वर्षं अलीकडे आणून दिली.

कामाला तर आपण फार लवकर लागता. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदनं लष्करी डॉक्टरांनी केली आणि १९५३ साली निष्कर्ष छापले. सैनिकांचं सरासरी वय २२. धडधाकट, कवायतीत तयार झालेली, निवडून घेतलेली पोरं. त्यांतल्या ७७ टक्क्यांच्या हृदयधमन्यांत आपलं बस्तान कमी-अधिक प्रमाणात बसलेलं होतं. बावीस वर्षांचा आमचा मुलगा नोकरीच्या शोधात फिरत असतो, तेव्हा आपण त्याच्या आत कायम झालेले असता. आणि आम्ही त्याच्या कोलेस्टेरॉलची पहिली तपासणी करतो ती पंचेचाळिशीत, विम्याच्या एजंटाने सांगितलं म्हणून.

आता आपल्या कार्यपद्धतीकडे वळतो, कारण तिच्याविषयीचा आमचा गैरसमज हेच आपलं खरं संरक्षण आहे. आमच्या डोक्यात चित्र आहे ते मोरीच्या नळाचं. नळात घाण अडकली, पाणी तुंबलं, प्लंबरने सळई घातली, मोकळं झालं, त्याचे पैसे दिले, विषय संपला. या चित्राचे सर्वांत मोठे लाभार्थी आपणच. कारण आपण नळाच्या पोकळीत राहतच नाही. आपण भिंतीच्या आत राहता.

धमनीला आतून जेमतेम एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. जिथे फांदी फुटते आणि रक्ताचा प्रवाह घुसळतो, तिथे ते आधीच हळवं असतं. वाढलेला रक्तदाब, वाढलेली साखर आणि तंबाखू ही त्रयी त्याला आणखी जेरीस आणते. मग रक्तातले एलडीएल नावाचे कोलेस्टेरॉलवाहू कण त्या अस्तरातून भिंतीत झिरपतात, तिथेच अडकतात आणि खराब होतात. शरीर सफाईसाठी पांढऱ्या पेशी धाडतं. त्या कोलेस्टेरॉल खात सुटतात, खाऊन फुगतात, फेसाळ होतात आणि बहुतेक तिथेच मरून पडतात. सफाईला आलेल्यांचाच ढीग होतो, तो ढीग पाहून आणखी सफाईवाले येतात. त्या सगळ्या चिखलावर भिंतीतल्या स्नायूपेशी तंतूंची एक टोपी विणतात, पुढे त्यात कॅल्शियमही साचतं. आपलं घर तयार. पाहुणचार आमचा, साहित्य आमचं, मजूरही आमचेच.

यातली खरी हुशारी पुढे आहे. सुरुवातीची बरीच वर्षं आपण आतल्या बाजूला वाढतच नाही. धमनी बाहेरच्या अंगाने फुगते आणि रक्ताची वाट होती तेवढीच ठेवते. १९८७ साली सिमोर ग्लॅगोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की धमनीच्या आडव्या छेदाचा सुमारे ४० टक्के भाग आपण व्यापेपर्यंत आतली वाट अरुंद होत नाही. मग अँजिओग्राफीत काय दिसणार? तिच्यात दिसते ती रक्ताची वाट. भिंतीतलं घर दिसत नाही. ट्रेडमिलच्या तपासणीतही पट्ट्यावर धापा टाकत धावून माणूस ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट घेऊन येतो, घरात पेढे वाटतो आणि महिन्याभरात अतिदक्षता विभागात दाखल होतो. रिपोर्ट खोटा नसतो. ती तपासणी रक्त कमी पडतंय का एवढंच विचारते, आणि त्या दिवशी पडत नसतं.

कारण झटका येतो तो बहुधा आपण हळूहळू वाट बुजवल्यामुळे नाही, तर एके दिवशी आपली टोपी फाटल्यामुळे. पातळ टोपी, खाली मऊ चरबी आणि सूज. रक्तदाबाच्या एखाद्या उसळीत ती फाटते. आतला चिखल रक्ताला लागतो आणि रक्ताला वाटतं जखम झाली. ते प्रामाणिकपणे गुठळी करतं. तीन-चार मिलिमीटरची धमनी, मिनिटांत बंद. पुढचा स्नायू प्राणवायूवाचून मरू लागतो. झटक्याच्या आदल्या दिवशी फोटो काढला असता, तर अशा कित्येक जागा निम्म्याहूनही कमी अरुंद दिसल्या असत्या. नव्वद टक्केवाला ब्लॉकेज चालताना छातीत दुखवून निदान वर्दी तरी देतो. चाळीस टक्केवाला मुकाट बसतो आणि एकदाच बोलतो. मानेतल्या धमनीत आपण हेच केलंत तर अर्धांगवायू, पायाच्या धमनीत बसलात तर शंभर पावलांवर पोटऱ्यांत गोळे. आम्ही त्याला ‘वय झालं’ म्हणतो आणि मलम चोळतो.

आता आपल्या साथीदारांची यादी. आरोपपत्रात सगळ्यांची नावं यायला हवीत, म्हणून थोडं तपशिलात जातो.

पहिलं नाव एलडीएल. याच्यावरचा पुरावा शंभर वर्षांहून जुना आहे. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि सशांच्या धमन्यांत आपण प्रकटलात. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी रक्तातून एलडीएल उचलणारा पेशींवरचा ग्राही (रिसेप्टर) शोधला. त्यासाठी त्यांना १९८५ चं नोबेल मिळालं. ज्यांच्यात हा ग्राही जन्मतः आई-वडील दोघांकडून बिघडलेला आलेला असतो, त्या मुलांना कोवळ्या वयातच झटका येऊ शकतो. उलट पुरावा २००६ साली अमेरिकेतून आला. जनुकातल्या एका दोषामुळे ज्या कृष्णवर्णीयांचं एलडीएल जन्मापासून सुमारे २८ टक्के कमी होतं, त्यांच्यात हृदयधमन्यांचा आजार ८८ टक्के कमी आढळला. जन्मभर थोडं कमी, तर म्हातारपणी बरंच कमी. असं असूनही ‘कोलेस्टेरॉल हे औषध कंपन्यांनी काढलेलं थोतांड’ हा संदेश आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर सोमवारी येतो. पाठवणाऱ्या काकांचे स्वतःचे दोन स्टेंट आहेत. त्यांच्या वाटीतलं तूपही साजूक असतं, हे मान्य. पण साजूक असलं तरी ते संपृक्तच, आणि यकृताला गाईचं कुळ विचारायची सवय नाही.

दुसरं नाव तंबाखू. हा तर आमच्या घरचाच माणूस. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते, आणि त्यांत ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे नि घासणारे कितीतरी जास्त. ‘‘मी सिगारेटला हातसुद्धा लावत नाही’’ असं सांगताना तळहातावर चुना मळणारे किती दाखवू? ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांनाही झटक्याचा धोका दुपटीहून अधिक दिसला. आमच्या आयाबायांची मशेरी दात घासण्याच्या नावाखाली निर्दोष सुटते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. बंदी आहे हे टपरीवाल्यालाही ठाऊक आहे, म्हणून तो पुडी थोडी आतून काढून देतो.

तिसरं आणि चौथं नाव, रक्तदाब आणि मधुमेह. ही जुळी भावंडं आपल्यासारखीच अबोल. यांच्याबाबतीत आमच्या मातीतलीच एक साक्ष नोंदवतो. २००४ साली पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा शेजारी-शेजारी फोटो छापला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, दिसायला दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी लंडनकरांची ९.१ टक्के आणि पुणेकरांची २१.२ टक्के. हातपाय काटकुळे नि चरबी पोटाच्या आत, हा आमचा खास बांधा. त्यामुळे ‘‘माझं वजन तर साठच आहे’’ हे वाक्य आपण फार प्रेमाने ऐकत असाल. इंटरहार्टमध्येच दिसलं, की पहिल्या झटक्याचं मधलं वय इतर देशांत ५९ च्या आसपास, तर दक्षिण आशियात ५३. पाच-सहा वर्षांची ही आगाऊ उचल आमच्या लोकांनी मागितली नव्हती. घराण्यातून येणारा लायपोप्रोटीन (ए) नावाचा आणखी एक कण आमच्याकडे अनेकांच्या रक्तात जास्त असतो. तो आयुष्यात एकदा तपासला तरी चालतं, पण पॅकेजमध्ये बसत नाही म्हणून तपासला जात नाही.

आमचा आवडता आरोपी मात्र वेगळाच आहे: टेन्शन. ताणाचा वाटा आहे, इंटरहार्टच्या नऊ कारणांत तोही आहे. पण बाकीच्या आठांची नावं घेतली की पुडी सोडावी लागते, पोट उतरवावं लागतं, गोळी चालू करावी लागते. टेन्शनचं नाव घेतलं की सगळा दोष साहेबाच्या नाहीतर सुनेच्या माथी जातो. आपले आठ साथीदार त्या गडबडीत मागच्या दाराने निसटतात.

आपल्याविरुद्ध लढणाऱ्यांचीही आपण दखल घेतली असेल. १९२९ साली जर्मनीतल्या वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टरने स्वतःच्या दंडातल्या शिरेतून नळी सरकवत हृदयापर्यंत नेली आणि चालत जाऊन एक्स-रे काढून घेतला. वरिष्ठांनी त्याला वेड्यात काढलं. नोबेल मिळालं ते १९५६ साली. १९५८ मध्ये क्लीव्हलंडला मेसन सोन्स यांच्या हातून क्ष-किरणांत दिसणारा द्राव चुकून थेट हृदयधमनीत गेला, आणि आपलं पहिलं छायाचित्र निघण्याचा रस्ता उघडला. १९६७ साली तिथेच रेने फाव्हालोरो यांनी पायाची शीर काढून आपल्याला वळसा घालणारी वाट शिवली, तीच बायपास. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी तर घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर फुगे बनवले आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये एका ३८ वर्षांच्या रुग्णाच्या धमनीत फुगवून आपल्याला भिंतीशी दाबून टाकलं. १९८६ मध्ये फुग्यासोबत जाळी आली. तीच स्टेंट.

स्टेंट आमच्याकडे आला तो लाखाची छापील किंमत घेऊन. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने भाव बांधला, औषधी स्टेंट २९,६०० रुपये आणि साधा ७,२६०. आज महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत पिवळ्या-केशरी रेशनकार्डावरही अँजिओप्लास्टी होते. ही मोठीच गोष्ट आहे, तिची थट्टा करण्याचा माझा अजिबात इरादा नाही. ऐन झटक्यात, धमनी बंद असताना, ती लवकरात लवकर उघडण्याएवढं मोठं औषध नाही. तिथे स्टेंट जीव वाचवतो.

पण आम्ही एवढ्यावर कुठले थांबायला? ज्यांना झटका आलेला नाही, चालल्यावर दुखतं आणि थांबल्यावर राहतं, अशा स्थिर रुग्णांचं काय? २००७ च्या ‘करेज’ चाचणीत २,२८७ रुग्ण होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ चाचणीत ३७ देशांतले ५,१७९. दोन्हीकडे उत्तर एकच आलं. नीट औषधोपचार चालू असताना वरून स्टेंट किंवा बायपास केल्याने छातीचं दुखणं कमी झालं, पण मृत्यू आणि झटके एकंदरीत कमी झाले नाहीत. आपल्या कार्यपद्धतीचा वरचा परिच्छेद वाचला तर यात नवल ते काय? जाळी बसते ती सर्वांत अरुंद जागेवर. टोपी फाटते ती भलतीकडेच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. अर्थात डावी मुख्य धमनी अरुंद असेल, हृदयाची ताकद घटली असेल, तिन्ही धमन्यांत आपण असाल आणि सोबत मधुमेह असेल, तर वेगळा हिशेब. तिथे बायपास आयुष्य वाढवते. हा हिशेब डॉक्टरने समजावून सांगायचा आणि रुग्णाने विचारायचा. प्रत्यक्षात काय होतं? टेबलावरूनच नातेवाइकांना आत बोलावून पडद्यावरची चिंचोळी रेघ दाखवतात आणि विचारतात, ‘‘टाकू का?’’ त्या क्षणी ‘थांबा, विचार करतो’ म्हणणारा मुलगा अजून जन्मायचा आहे.

आणि मग सुरू होतो आपला सुवर्णकाळ. आधीचं-नंतरचं छायाचित्र फोनवर फिरतं. ‘‘दोन होते, दोन्ही काढले, आता बाबा एकदम क्लीन.’’ काढलं कुणी, कुठून? आपण आहात तिथेच आहात. फक्त दोन जागी भिंतीला चेपून बसवलेले. बाकीची सगळी भिंत आपल्या नावावर तशीच्या तशी. पण मोरी साफ झाली या आनंदात सहा महिन्यांनी गोळ्या बंद होतात. स्टेंट टाकल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या डॉक्टरला न विचारता थांबवल्या, तर जाळीतच गुठळी होऊ शकते. तरीही ‘‘गोळ्यांची सवय लागते’’ म्हणून त्या थांबतात, आणि चाळीस वर्षांची तंबाखूची सवय दुसऱ्या दिवशी खिशात परत येते.

ज्या गोळीला आपण खरोखर घाबरत असाल, तिची गोष्ट आम्ही कुणाला सांगत नाही. तोक्योतल्या एका औषध कंपनीत अकिरा एंडो नावाचे संशोधक कोलेस्टेरॉल बनवण्याची शरीराची यंत्रणा अडवणारं काहीतरी बुरशीत सापडेल या आशेने सहा हजारांवर नमुने तपासत बसले. १९७३ साली ते सापडलं, क्योतोच्या धान्य दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत. तोच पहिला स्टॅटिन. १९९४ साली ४,४४४ रुग्णांवरच्या स्कँडिनेव्हियन चाचणीत स्टॅटिनने मृत्यू ३० टक्क्यांनी घटवले. पुढच्या सगळ्या चाचण्या एकत्र मांडल्या तर हिशेब असा, की एलडीएल सुमारे ४० अंकांनी उतरलं की झटके, अर्धांगवायू यांसारखे मोठे प्रसंग पाचात एकाने कमी होतात. ज्यांना एकदा झटका येऊन गेला त्यांचं एलडीएल ५५ च्या खाली ठेवा, असं आमच्याकडच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये सांगितलं. गोळीने आपण नाहीसे होत नाही, जरासे आकसता. पण आतली चरबी घटते, सूज उतरते आणि टोपी जाड होते. फाटण्याची खोड मोडते. आम्हाला एवढंच हवं आहे. फक्त ते कुठल्याही फोटोत दिसत नाही, त्यामुळे फॉरवर्ड करता येत नाही.

‘‘स्टॅटिनने अंग दुखतं’’ ही तक्रार खरी असू शकते. थोड्यांचे स्नायू खरंच दुखतात आणि काहींची साखर किंचित वाढते. पण २०२० मध्ये ब्रिटनमध्ये एक मजेदार प्रयोग झाला. त्रासामुळे गोळी सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने त्याच दिसण्याची खोटी गोळी आणि काही महिने रिकामी बाटली दिली. गोळीवर जेवढा त्रास झाला, त्याचा नव्वद टक्के खोट्या गोळीवरही झाला.

ॲस्पिरिनचीही एक हकिकत आमच्या वाचकांना आवडेल. १९८८ साली ‘आयसिस-२’ चाचणीत १७,१८७ रुग्णांवर सिद्ध झालं, की झटक्याच्या वेळी दिलेलं ॲस्पिरिन मृत्यू जवळपास पावपट कमी करतं आणि गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची जोड दिली तर आणखी कमी. संपादकांनी आग्रह धरला, की रुग्णांचे छोटे-छोटे गट पाडून आकडे द्या. संशोधकांनी गट पाडले, आणि त्यांत राशींचाही पाडला. मिथुन आणि तूळवाल्यांना ॲस्पिरिनचा फायदा नाही, असं त्या तक्त्यात निघालं! हवे तेवढे गट पाडा, काहीही निघतं, हे त्यांना दाखवायचं होतं. आमच्याकडे हा तक्ता वेळेवर पोचला असता, तर हृदयरोगतज्ज्ञाशेजारी पंचांगवाल्याची केबिन उघडली असती. तसंही ‘बिना ऑपरेशन ब्लॉकेज मोकळे’च्या पाट्या लागलेल्याच आहेत. सलाइनमधून ईडीटीए नावाचं रसायन चढवून धमन्या धुऊन काढण्याचा जो धंदा चालतो, त्याची मोठी चाचणी मधुमेही हृदयरुग्णांवर पुन्हा झाली आणि २०२४ मध्ये निकाल आला: फायदा नाही. आणि धडधाकट माणसाने रोज आपल्याच मनाने ॲस्पिरिन खाण्यातही शहाणपण नाही. फायद्याला रक्तस्रावाचा तोटा खाऊन टाकतो.

शेवटी आपल्या निःपक्षपातीपणाचा उल्लेख करायला हवा. २००३ साली मुंबईचे डॉ. नीतू मांडके हृदयविकाराच्या झटक्याने गेले. ज्यांनी हजारो छात्या उघडून आपल्याला वळसे घातले, ते ऐन पन्नाशीत. आपण पदवी पाहत नाही, हुद्दा पाहत नाही, पुण्याई तर अजिबातच नाही. आपण पाहता ते फक्त भिंत किती वर्षं, कशाकशात भिजली.

तेव्हा निकाल देतो. आपल्याला हद्दपार करणं आमच्या हातात नाही. साडेतीन हजार वर्षांच्या भाडेकरूला घराबाहेर काढणारा कायदा अजून झालेला नाही. मात्र यापुढे आपल्याला वाढीव बांधकामाची परवानगी नाही. तंबाखू बंद, धूम्रपान सोडल्यानंतर वर्षभरात त्याच्यामुळे वाढलेला धोका जवळपास निम्मा होतो, याची नोंद घ्यावी. रक्तदाब, साखर, एलडीएल यांचे आकडे तिशीपासून तपासले जातील आणि वाढले तर गोळी चालू राहील, शेजारच्या काकांचं मत काहीही असो.

कळावे. लोभ नसावा.

आपला नाइलाजाने झालेला,
घरमालक

ता. क. (हे वाचकांसाठी): छातीच्या मधोमध दाब, तो जबडा, हात, पाठ किंवा पोटाच्या वरच्या भागात सरकणं, सोबत घाम, धाप, मळमळ, हे काही मिनिटांहून जास्त टिकलं तर ते ‘गॅस’ समजून सोडा पिऊ नका, ओवा चावू नका, स्वतः गाडी चालवत जाऊ नका. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत न दुखता नुसती धाप किंवा विलक्षण थकवाही असू शकतो. १०८ ला फोन करा आणि ईसीजी निघेल अशा जवळच्या जागी पोचा. अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या रुग्णालयात धमनी दीड तासात उघडणं हे उद्दिष्ट असतं. तिथे वेळेत पोचणं शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तालुक्याच्या ठिकाणीही देता येतं, आणि पहिल्या काही तासांत त्याचा उपयोग सर्वाधिक. आणि स्टेंट बसवून घरी आला असाल, तर आजच्या गोळ्या घेतल्यात का, ते आधी पाहा.